कशापेक्षा बरं, ते विचारा!

लिम्फोमा परत उलटला तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटने खरंच फायदा होतो का? हे ठरवायला डॉक्टरांनी चक्क चिठ्ठ्या टाकल्या होत्या. १९९५ मध्ये छापून आलेल्या एका सहा पानी रिसर्च पेपरची ही गोष्ट. तुम्ही मेडिकलला नसलात तरी वाचा. यातला एक प्रश्न तुमच्या रोजच्या कामाचा आहे.

‘या ट्रीटमेंटने ७० टक्के पेशंटना गुण आला!’ अशी हेडलाइन दिसली की आपण काय करतो? वाचतो, भारावतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होतो. पण ७० टक्के म्हणजे चांगलं की वाईट? इंटर्नलला तुम्हाला वीसपैकी चौदा मिळाले, तर घरी सांगायच्या आधी तुम्ही बघता की बाकीच्यांना किती पडलेत. अख्ख्या वर्गाला अठरा असतील तर तुमच्या चौदाचं कौतुक कोण करणार? मार्कांच्या वेळी आपोआप सुचणारा हा प्रश्न आजारपणाच्या बातमीत मात्र आपल्याला सुचत नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक पेपर याच प्रश्नावर उभा आहे. पहिलं नाव थिअरी फिलिप यांचं. फ्रान्समधल्या ल्यॉन शहरातले हे कॅन्सरतज्ज्ञ. तिथल्या लेऑं बेरार कॅन्सर सेंटरचे ते अनेक वर्षं प्रमुख होते, पुढे पॅरिसच्या ‘इन्स्टिट्यूट क्यूरी’चे अध्यक्ष झाले, मधल्या काळात राजकारणातही उतरले. पण कॅन्सरच्या डॉक्टरांना त्यांचं नाव माहीत आहे ते या पेपरमुळे. तो ‘पार्मा ट्रायल’ म्हणून ओळखला जातो. इटलीतलं पार्मा, तेच ते चीजवालं!

आधी थोडं बेसिक

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, आजी म्हणते ‘अवधाण आलंय’. ती गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी, इंग्रजीत लिम्फ नोड. मानेत, काखेत, जांघेत, पोटात अशा शेकडो ग्रंथी असतात. त्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा मुक्काम असतो. जंतूंशी लढणाऱ्या या पेशी. जखम भरली की अवधाण उतरतं. पण लिम्फोसाइटच जेव्हा बेताल वाढायला लागतात, तेव्हा त्या कॅन्सरला लिम्फोमा म्हणतात. थॉमस हॉजकिन या लंडनच्या डॉक्टरने १८३२ मध्ये अशा पेशंटचं वर्णन केलं, म्हणून एका प्रकाराला हॉजकिन लिम्फोमा हे नाव पडलं. बाकीचे सगळे प्रकार ‘नॉन-हॉजकिन’ या एका नावाखाली येतात. पार्मा ट्रायल होती ती नॉन-हॉजकिनच्या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारांची.

आता बोन मॅरो. मटणाची नळी फोडून आतला मऊ भाग खाल्ला असेल, तर तुम्ही मॅरो पाहिलेला आहे. आपल्या हाडांतला हा मऊ भाग म्हणजे रक्ताचा कारखाना. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळं प्रॉडक्शन इथलं.

केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण मॅरोच्या पेशीही भराभर वाढतात. त्यामुळे केमोचा डोस किती वाढवायचा याला मर्यादा येते. डोस खूप वाढवला तर कॅन्सरसोबत रक्ताचा कारखानाही बंद पडणार आणि पेशंट साध्या इन्फेक्शनने किंवा रक्तस्रावाने दगावणार.

मग डॉक्टरांनी शेतकऱ्यासारखा विचार केला. शेतकरी सगळं धान्य विकत नाही, पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला ठेवतो. तसंच पेशंटला भूल देऊन कमरेच्या हाडातून त्याचाच मॅरो सुईने काढायचा, तो गोठवून ठेवायचा, मग केमोचा जबरदस्त डोस द्यायचा आणि नंतर तोच मॅरो त्याला शिरेतून परत द्यायचा. याला ऑटोलोगस ट्रान्सप्लांट म्हणतात. नाव ‘ट्रान्सप्लांट’ असलं तरी यात हाड कापून बसवणं वगैरे काही नसतं. रक्ताची बाटली लावतात तसा मॅरो चढवतात. त्या पेशी रक्तातून आपापल्या वाटेने हाडांत पोचतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत कारखाना पुन्हा सुरू होतो. तोवरचे दिवस मात्र कठीण. प्रतिकारशक्ती जवळपास शून्य, स्वतंत्र खोली, तोंड आलेलं, ताप, रक्त आणि प्लेटलेट्स चढवणं चालू. हल्ली मॅरोऐवजी बहुतेक वेळा इंजेक्शनं देऊन या मूळ पेशी रक्तात आणतात आणि मशीनने गोळा करतात, पण तत्त्व तेच.

दुसऱ्याचा मॅरो घेणं हा वेगळा प्रकार. त्याला ॲलोजेनिक म्हणतात आणि तिथे डोनर जुळावा लागतो. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये अशा सहा पेशंटवरचा पेपर छापला. सहापैकी एकही जण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. थॉमस थांबले नाहीत. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

शंभर पेशंट, तीन गट

लिम्फोमाचे बरेच पेशंट पहिल्या केमोने बरे होतात. ज्यांचा आजार काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उलटतो, त्यांचं काय, हा ऐंशीच्या दशकातला मोठा प्रश्न होता. नेहमीची केमो पुन्हा दिली तर फार थोडे वाचत. युरोप-अमेरिकेतली काही सेंटर्स अशा पेशंटना ऑटोलोगस ट्रान्सप्लांट द्यायला लागली होती.

१९८७ मध्ये फिलिप, अमेरिकेतले जेम्स आर्मिटेज आणि इतरांनी मिळून अशा १०० पेशंटचा हिशेब मांडला. त्यांनी पेशंटचे तीन गट पाडले. पहिल्या गटातल्यांचा आजार मुळात कधी पूर्ण गेलाच नव्हता. दुसऱ्या गटातल्यांचा गेला, परत आला आणि आता नेहमीच्या केमोला दाद देत नव्हता. तिसऱ्या गटातल्यांचाही परत आला होता, पण केमोने कमी होत होता. ट्रान्सप्लांटनंतर तीन वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण आलं अनुक्रमे शून्य, १४ आणि ३६ टक्के.

एकच ट्रीटमेंट आणि एवढा फरक! ‘ट्रान्सप्लांटने किती जण बरे होतात?’ या प्रश्नाला एक उत्तर नव्हतंच. कोणाला देताय त्यावर ते ठरत होतं.

आता तुम्ही म्हणाल, तिसऱ्या गटाला ३६ टक्के मिळाले ना, मग द्या की सगळ्यांना ट्रान्सप्लांट. इथेच खरी मेख आहे. या शंभरही जणांना ट्रान्सप्लांट झालं होतं. न झालेले त्यात कोणी नव्हतेच. शिवाय डॉक्टर ट्रान्सप्लांटसाठी कोणाला निवडतात? जो तरुण आहे, ज्याचं हृदय, किडनी धडधाकट आहे, जो एवढा डोस सोसेल, त्यालाच. असा पेशंट साध्या केमोवरही कदाचित जास्त टिकला असता. मग श्रेय कोणाचं, ट्रान्सप्लांटचं की निवडीचं? हे म्हणजे बारावीच्या टॉपर्सनाच क्लासमध्ये घ्यायचं आणि नंतर ‘आमचा निकाल १०० टक्के’ असा फ्लेक्स लावायचा, तसं झालं.

चिठ्ठी कोणाला काय देईल?

यातून बाहेर पडायचा रस्ता एकच होता. सारख्याच पेशंटचे दोन गट करायचे आणि कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टरने ठरवायचं नाही, पेशंटनेही नाही. ते चिठ्ठीने ठरवायचं. याला रॅन्डमायझेशन म्हणतात. चिठ्ठी कोणाचं वय बघत नाही, ओळख बघत नाही. त्यामुळे दोन्ही गट जवळपास सारखे होतात, आणि शेवटी फरक दिसला तर तो ट्रीटमेंटचाच आहे असं म्हणता येतं.

पार्मा ट्रायल जुलै १९८७ मध्ये सुरू झाली. वय ६० पर्यंतचे, आजार एकदा पूर्ण जाऊन परत आलेले २१५ पेशंट तिच्यात आले. १९८७ चा धडा डोक्यात होता, म्हणून आधी सगळ्यांना नेहमीच्या केमोचे दोन कोर्स दिले आणि कोणाचा आजार दाद देतो ते पाहिलं. ज्यांचा दिला त्यांच्यातून १०९ जणांची चिठ्ठी निघाली. ५५ जणांना केमोचा मोठा डोस आणि ट्रान्सप्लांट, ५४ जणांना तीच नेहमीची केमो पुढे चालू. पेशंट मिळवता मिळवता जून १९९४ उजाडला. म्हणजे सात वर्षं. आपली दहावी ते पोस्ट ग्रॅज्युएशन!

जरा थांबून विचार करा. तुमचं वय पंचवीस आहे, आजार उलटलाय. डॉक्टर सांगतात, ‘एक नवीन, जड ट्रीटमेंट आहे. ती चांगली असेल असं वाटतं, पण खात्री नाही. तुम्हाला ती मिळेल की नाही हे चिठ्ठी ठरवेल.’ तुम्ही सही कराल?

हे क्रूर नाही का, असं पटकन वाटतं. पण तेव्हाची परिस्थिती बघा. ट्रान्सप्लांटने पेशंट दगावतही होते. मोठ्या डोसमुळे होणारं नुकसान त्याच्या फायद्याला पुरून उरत असेल का, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. खरोखर माहीत नसेल तेव्हाच चिठ्ठी टाकणं योग्य ठरतं. डॉक्टरला उत्तर माहीत असताना चिठ्ठी टाकली तर तो अन्याय. आणि माहीत नसताना ‘मला वाटतं’ म्हणून हजारो पेशंटना एकच ट्रीटमेंट देत राहणं? तोही प्रयोगच, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही आणि त्यातून कोणी काही शिकत नाही.

निकाल

पाच वर्षांचा हिशेब असा आला. ट्रान्सप्लांट गटात ४६ टक्के पेशंट ‘इव्हेंट-फ्री’, म्हणजे आजार न उलटता जिवंत होते. नुसत्या केमोच्या गटात १२ टक्के. एकूण जिवंत असण्याचं प्रमाण ५३ टक्के विरुद्ध ३२ टक्के.

आता हा ४६ चा आकडा बोलायला लागतो. एकटा असता तर ‘निम्म्याहून कमी’ म्हणून कोणी नाक मुरडलं असतं. १२ च्या शेजारी ठेवला की कळतं, जवळपास चौपट.

स्टॅट्स शिकणाऱ्यांसाठी थोडं जास्त. पहिल्या फरकाची पी व्हॅल्यू होती ०.००१ आणि दुसऱ्याची ०.०३८. दुसरीचा अर्थ असा, की दोन्ही ट्रीटमेंट प्रत्यक्षात सारख्याच असत्या, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चारहून कमी. पी व्हॅल्यू म्हणजे ‘ट्रीटमेंट खोटी असण्याची शक्यता’ नव्हे. व्हायवाला हमखास विचारतात आणि हमखास चुकतं!

अजून एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. ४६ टक्के हे २१५ पैकी नाहीत, चिठ्ठीत ट्रान्सप्लांट आलेल्या ५५ जणांपैकी आहेत. पहिल्या दोन कोर्सना ज्यांच्या आजाराने दाद दिली नाही, ते त्याआधीच बाजूला झाले होते. म्हणजे ‘लिम्फोमा उलटलेल्यांपैकी जवळपास निम्मे ट्रान्सप्लांटने बरे होतात’ असं लिहिलं तर ती बातमी चुकीची. ‘ज्यांचा उलटलेला आजार केमोला दाद देतो, त्यांच्यात ट्रान्सप्लांट नुसत्या केमोपेक्षा सरस ठरलं’ ही बरोबर बातमी. थोडी लांब आहे, हेडलाइनमध्ये मावत नाही. पण एखाद्या पेशंटचे नातेवाईक ती वाचून निर्णय घेणार असतील, तर ती लांबी परवडते.

या पेपरनंतर उलटलेल्या लिम्फोमासाठी ऑटोलोगस ट्रान्सप्लांट हा जगभर नेहमीचा उपचार झाला. त्या ५४ जणांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांना नवीन ट्रीटमेंट चिठ्ठीत मिळाली नाही, पण ते नसते तर ४६ शेजारी ठेवायला १२ हा आकडा मिळालाच नसता.

तीच ट्रीटमेंट, उलटी गोष्ट

तुलना केलीच नाही तर काय होतं, याचं उदाहरण त्याच काळात अमेरिकेत घडत होतं. ट्रीटमेंटही तीच, मोठा डोस आणि स्वतःचा मॅरो परत. आजार मात्र स्तनाचा कॅन्सर.

सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत निकाल छान दिसले. या अभ्यासांत तुलनेचा गट नव्हता आणि पेशंट निवडून घेतलेले होते. तरी ‘जास्त डोस म्हणजे जास्त फायदा’ हे सगळ्यांना पटलं. हॉस्पिटलांनी युनिट उघडली. विमा कंपन्या ‘हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे’ म्हणून पैसे नाकारायच्या, पेशंट कोर्टात जायचे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात अशा एका मृत महिलेच्या कुटुंबाला ज्युरीने तब्बल ८ कोटी ९० लाख डॉलर मंजूर केले. मग कंपन्याही नमत्या झाल्या. आता सांगा, ट्रीटमेंट हवी तशी मिळत असताना ट्रायलमध्ये येऊन चिठ्ठी कोण उचलणार? ट्रायलना पेशंट मिळेनात आणि उत्तर लांबत गेलं. दरम्यान हजारो स्त्रियांनी हे भयंकर जड उपचार सोसले.

१९९५ मध्ये, पार्माच्याच वर्षी, दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. वर्नर बेझवोदा यांनी ट्रान्सप्लांट सरस असल्याचा पेपर छापला. १९९९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर परिषदेत आणखी एका ट्रायलचे चमकदार आकडे मांडले. त्याच परिषदेत इतरांच्या ट्रायल्समध्ये मात्र ठोस फायदा दिसत नव्हता. मग २००० च्या सुरुवातीला तज्ज्ञांचं पथक थेट जोहान्सबर्गला गेलं आणि कागदपत्रं तपासली. नोंदी जुळेनात. बेझवोदा यांनी गैरप्रकार कबूल केला, विद्यापीठाने त्यांना काढलं, १९९५ चा पेपरही पुढे मागे घेतला गेला. चिठ्ठी टाकल्याचं नुसतं सांगून भागत नाही, ती खरंच टाकली का हेही कोणीतरी तपासावं लागतं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या ट्रायलचा निकाल छापून आला. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ट्रान्सप्लांट गटात ३२ टक्के आणि नेहमीच्या केमोच्या गटात ३८ टक्के. फायदा काहीच नाही. ही ट्रीटमेंट मग हळूहळू बंद पडली.

एकच उपचार, एका आजारात जीव वाचवणारा आणि दुसऱ्यात निव्वळ त्रास. दोन्हीकडचे डॉक्टर हुशार होते, पेशंट तितकेच हतबल होते. लिम्फोमात तुलना वेळेवर आणि प्रामाणिकपणे झाली, स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती व्हायला उशीर झाला. फरक पडला तो इथे.

जिंकलेल्याची पुन्हा परीक्षा

पार्मा जिंकली म्हणून गोष्ट संपली नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत रिटुक्सिमॅब या औषधाला मान्यता मिळाली. लिम्फोमाच्या पेशीवरची खूण ओळखून तिला चिकटणारं हे औषध पहिल्याच उपचारात द्यायला सुरुवात झाली आणि आजार उलटण्याचं प्रमाण घटलं. पण ज्यांचा रिटुक्सिमॅबनंतरही उलटतो, त्यांना पार्माचा आकडा लागू होतो का? पार्मा पेपरच्या लेखकांपैकीच एक, क्रिस्तियान जिसेलब्रेश्ट, यांच्या टीमने २०१० मध्ये ‘कोरल’ ट्रायल छापली. आधी रिटुक्सिमॅब मिळालेल्यांमध्ये तीन वर्षं इव्हेंट-फ्री राहण्याचं प्रमाण होतं २१ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ४७. आजार बदलला नव्हता, पण उलटणारा पेशंट बदलला होता. आता उलटत होते ते जास्त चिवट आजार.

मग आली कार टी-सेल थेरपी. पेशंटच्याच टी-पेशी काढायच्या, लॅबमध्ये त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. २०२१ च्या डिसेंबरात ‘झुमा-७’ ट्रायल आली. पहिल्या उपचाराला दाद न देणारे किंवा वर्षाच्या आत आजार उलटलेले ३५९ पेशंट, पुन्हा चिठ्ठी. दोन वर्षांनी इव्हेंट-फ्री असण्याचं प्रमाण कार टी-सेलच्या गटात ४१ टक्के आणि दुसऱ्या गटात १६ टक्के. या दुसऱ्या गटात काय होतं? केमो आणि दाद दिली तर ट्रान्सप्लांट. पार्मामध्ये जिंकलेला उपचार इथे हरणाऱ्या बाजूला होता! या गटातल्या जेमतेम ३६ टक्के पेशंटपर्यंत ट्रान्सप्लांट पोचू शकलं, कारण बाकीच्यांचा आजार केमोला पुरेशी दाद देत नव्हता. आजार वर्षभरानंतर उलटला आणि केमोला दाद देत असला, तर आजही ट्रान्सप्लांटच दिलं जातं.

आता आपल्या मुंबईत

भारतात हे काम रुजलं ते मुंबईत. १९८३ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांच्या टीमने ल्युकेमिया झालेल्या एका मुलीला तिच्या भावाचा मॅरो देऊन देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवरून काम करणारे हे डॉक्टर पुढे पद्मभूषण झाले.

त्याच टाटा मेमोरियल आणि पवईच्या आयआयटी बॉम्बेने मिळून देशातली पहिली स्वदेशी कार टी-सेल थेरपी तयार केली. ‘नेक्सकार १९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. परदेशातल्या किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात ती मिळते. २०२५ मध्ये तिचे निकाल ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’मध्ये छापून आले. आजार उलटलेल्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या ज्या ५१ पेशंटचा निकाल मोजता आला, त्यांच्यापैकी ७३ टक्के जणांच्या आजाराने दाद दिली.

अभिमान वाटला ना? वाटायलाच हवा. आता तोच प्रश्न विचारा. ७३ टक्के, पण कशाच्या तुलनेत?

या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. त्यात गैर काही नाही. बाकीचे उपचार थकलेल्या पेशंटसाठी नवीन थेरपी सुरक्षित आहे का, काम करते का, हे आधी असंच पाहतात. १९८७ चा शंभर पेशंटचा पेपरही याच पायरीवरचा होता. ‘आजाराने दाद दिली’ म्हणजे ‘पेशंट कायमचा बरा झाला’ असंही नव्हे. पार्मामध्ये पाच वर्षं थांबल्यावर चित्र स्पष्ट झालं होतं. म्हणजे ७३ हा आशेचा आकडा आहे, शेवटचा निकाल नाही. आपल्याच शहरातल्या कामाबद्दल हा प्रश्न विचारला म्हणून त्याचा अपमान होत नाही. ते काम करणारे संशोधक स्वतःला रोज हेच विचारत असतात.

बातमी शेअर करण्याआधी

• कशाच्या तुलनेत? तुलनेचा गट होता का, आणि त्याला काय दिलं होतं?
• गट कोणी पाडले? चिठ्ठीने की डॉक्टरांच्या निवडीने?
• टक्के कोणापैकी? सगळ्या पेशंटपैकी की गाळून उरलेल्यांपैकी?
• काय मोजलं? गाठ लहान झाली, आजार उलटला नाही, की माणूस जगला?
• किती दिवस पाहिलं? तीन महिने की पाच वर्षं?

एवढ्यासाठी एमबीबीएस करायची गरज नाही. ‘पबमेड’वर कुठल्याही पेपरचा सारांश फुकट वाचता येतो. पार्माचाही आहे, एका परिच्छेदात वरचे बहुतेक आकडे मिळतील. भारतात चालू असलेल्या ट्रायल्सची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’वर सर्वांसाठी खुली आहे. २००९ पासून इथे ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे, ती पहिला पेशंट घेण्याआधी. त्यामुळे आधी काय मोजणार म्हणाले होते आणि शेवटी काय छापलं, हे तुम्हालाही ताडून बघता येतं.

आणि हे लक्षात असू द्या

लिम्फोमा फक्त म्हाताऱ्यांना होतो असं नाही. हॉजकिन लिम्फोमा तर आपल्या वयात, पंधरा ते पस्तिशीत, बऱ्यापैकी आढळतो आणि तो बरा होण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे. मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, कारण नसताना ताप येत राहिला, रात्री घामाने कपडे भिजले, वजन झरझर उतरलं, तर डॉक्टरकडे जा. आपल्याकडे अशी गाठ टीबीचीही असू शकते आणि बऱ्याचदा काहीच नसतं. पण नक्की काय आहे ते गाठीचा तुकडा तपासल्यावरच, म्हणजे बायोप्सीनंतरच कळतं. त्यामुळे अंदाजाने गोळ्या घेत बसू नका आणि रील बघून निदान तर अजिबात करू नका.

बाकी, फॅमिली ग्रुपवर पुढच्या वेळी ‘अमुक काढ्याने ९० टक्के गुण’ असा मेसेज आला, तर काका-काकूंशी भांडू नका. फक्त नम्रपणे विचारा, ‘काका, कशापेक्षा?’